मुराळी कडूबाचं कॅरिअर

धावड्याच्या कडूबाला गाडी लागायची. साधीसुधी नाही. यष्टीच्या दाराशी उभं राहून डिझेलचा वास नाकात गेला की त्याच्या तोंडाला पाणी सुटायचं, आणि ते काही भुकेचं नसायचं. खिडकीची जागा मिळाली, खिशात लिंबू ठेवलं, दवाखान्यातली पिवळी गोळी घेतली, तरी दुसऱ्या थांब्याच्या आत कंडक्टर घंटी मारायचा आणि म्हणायचा, "पाव्हणं, खाली उतरून मोकळं व्हा." कडूबा उतरायचा, मोकळा व्हायचा आणि पुन्हा चढायचाच नाही. हातानं गाडीला जायची खूण करायचा आणि उरलेली वाट पायी तुडवायचा.

म्हणून लग्नाआधीच त्यानं एक काळी बावीस इंची सायकल घेतली होती. भोकरदनचा बाजार सायकलवर, सिल्लोडचं लग्न सायकलवर, तहसीलची कामं सायकलवर. स्वतःसाठी मुलगी बघायला गेला तोही सायकलवर. मुलीकडची मंडळी यष्टीच्या थांब्यावर पाहुण्यांची वाट बघत उभी, आणि नवरदेव मागच्या पांदीनं येऊन त्यांच्याच ओट्यावर पाणी पीत बसलेला. पाणी देणारी ती मुलगीच होती, पुढं त्याची बायको झालेली झुंबरबाई. तिला वाटलं, कुणी वसुलीवाला आला. ही गोष्ट ती पुढं वर्षानुवर्षं सांगायची आणि कडूबा दर वेळी नव्यानं लाजायचा.

चार एकर कोरडवाहू जमीन, थोडी मिरची, थोडी कपाशी, म्हातारी आई द्वारकाबाई, बायको आणि सायकल. कडूबाचं बरं चाललं होतं. अडचण एकाच ठिकाणी होती. त्याची धाकटी बहीण गिरजा अंकुशनगरला दिलेली होती. तिचा नवरा कारभारी तिथल्या साखर कारखान्यात फिटर होता. धावडा जिल्ह्याच्या वरच्या टोकाला, अंकुशनगर खालच्या. मधे भोकरदन, राजूर, जालना, अंबड. सव्वाशे किलोमीटरच्या वर अंतर.

गिरजाची सासू गोजरबाई वाईट बाई नव्हती, पण रीतीला पक्की होती. सणाला सून माहेरी जाईल, जरूर जाईल, पण तिला न्यायला मुराळी आला पाहिजे, तोही सख्खा भाऊ, आणि त्यानं तिला बरोबर घेऊन गेलं पाहिजे. एका दिवाळीला कडूबानं स्वतःऐवजी चुलतभावाला धाडलं. गोजरबाईनं त्याला पोटभर पुरणपोळी खाऊ घातली, डबा भरून दिला आणि एकट्यालाच माघारी लावलं. पुढच्या दिवाळीला कडूबा स्वतः यष्टीत बसला. भोकरदनच्या अलीकडंच उतरला आणि तिसऱ्या प्रहरी पायी घरी परत आला. त्या वर्षी द्वारकाबाईनं भाऊबीजेला केलेल्या करंज्या कुणी खाल्ल्या नाहीत. ताटलीवर फडकं टाकून तिनं त्या तशाच शिंक्यात ठेवल्या.

एक्याण्णव साली दिवाळीच्या पंधरा दिवस आधी गिरजाचं पोस्टकार्ड आलं. खुशाली झाल्यावर खाली दोनच ओळी होत्या. "दादा, दोन वर्षं झाली मी आईला पाहिलं नाही. भाऊबीजेला या वर्षीही नेलं नाहीस तर पुढं बोलावू नकोस, मी येणार नाही."

द्वारकाबाईला वाचता येत नव्हतं. कडूबानं पत्र वाचून दाखवलं तेव्हा शेवटच्या दोन ओळी गाळल्या. पण म्हातारी म्हणाली, "आन् खाली काय लिव्हलंय? येवढ्यात संपायची न्हाई तिची." मग त्यानं वाचल्या. म्हातारीनं उठून अनारशाचे तांदूळ भिजत घातले.

दुसऱ्या दिवशी कडूबा रखमाजीकडं गेला. रखमाजीचं पंक्चरचं दुकान म्हणजे चिंचेखाली एक पेटी, पाण्याची पाटी आणि पंप.

"अंकुशनगर?" रखमाजी म्हणाला. "सायकलनं? आरं, तिथवर तं माझं पंक्चरसुदीक कधी गेलं न्हाई."

"मंग कसा जाऊ? उडत?"

"जा ना. कोण न्हाई म्हणून राह्यलं? पर सामान बराबर घे. लांबच्या रस्त्याला माणूस दगा देत न्हाई, टायर देतं."

त्यानं पेटी उपसली. सोल्युशनची ट्यूब, रबराचे तुकडे, घासायचा पत्रा, टायर उचकटायच्या दोन पट्ट्या, पाना, वालट्यूबचा हातभर तुकडा, एक जुनी पण धड ट्यूब आणि हातपंप. "आन् पाणी न्हाई सापडलं तं ट्यूब व्हटाजवळ धरायची. हवा कुठून निघून राह्यली ते व्हटाला बिलकुल कळतं."

इथवर ठीक होतं. पण धावड्यात बातमी चिंचेखालून निघाली की तिला गावभर फिरायला अर्धा तास लागतो. संध्याकाळी रामराव गुरुजी आले. तरुणपणी ते एकदा औरंगाबादला सायकलनं जाऊन आले होते आणि ती गोष्ट ऐकायला कधी फारसं माणूस मिळालं नव्हतं. त्यांनी शाळेतली शिट्टी दिली, कुत्री मागं लागली तर फुंकायला. लाल औषधाची बाटली दिली, बॅटरी दिली, शिवाय एक सतरंजी. "वाटेत वामकुक्षी लागते," ते म्हणाले. नको म्हणायची कडूबाची हिंमत झाली नाही, गुरुजींनी त्याला पाढे शिकवले होते.

झुंबरबाईनं दुधातल्या दशम्या बांधल्या, शेंगदाण्याची चटणी, चार कांदे आणि पाण्याचा प्लास्टिकचा कॅन. द्वारकाबाईचा पत्र्याचा डबा वेगळा. त्यात लाडू, शेव, करंज्या, अनारसे, आणि वर विहिणीसाठी लुगडं. मुराळी हात हलवत गेला असं कुणी म्हणायला नको. जालन्याच्या मोंढ्यात हमाली करणारा गावचा एक माणूस होता, मुक्काम त्याच्याकडं करायचा, म्हणून त्याला लाल मिरच्यांचं गाठोडं. आणि सगळ्यात शेवटी शेजारची तुळजाबाई आली, पदराखाली काहीतरी जड घेऊन. तिची लेक उषाबाई राजूरला दिलेली होती.

"उषाचा वरवंटा फुटला रे. ह्यो देऊन टाक जाता जाता. राजूर तं वाटंतच हाय."

"मावशी, ही सायकलय, बैलगाडी न्हाई."

"आरं, दगडाला काय वाटंत खायला लागतं का? पडून राहील गप."

पहिल्या आंघोळीच्या दिवशी, उटणं लावून, अंधारातच न्हाऊन कडूबा तयार झाला. जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी सगळं कॅरिअरला आवळलं आणि सायकल स्टँडवरून काढली, तर पुढचं चाक वर उचललं. बघायला जमलेली माणसं हसली. रखमाजी म्हणाला, "पुढं कायतरी बांधा, न्हाई तं ह्यो देवाघरी चालला." मग मिरच्यांचं गाठोडं हँडलला बांधलं. चाक खाली आलं, पण वारा समोरचा होता. भोकरदन येईपर्यंत कडूबा शिंकत होता.

त्याचा हिशेब साधा होता. जसजसं सामान पोचवत जाऊ तसतशी सायकल हलकी होईल. राजूरला वरवंटा उतरेल, जालन्यात मिरच्या, अंकुशनगरला डबा आणि लुगडं. येताना सायकल कशी पिसासारखी येईल.

राजूरच्या अलीकडं बाभळीचा काटा लागला. पाणी होतं, पण प्यायचं होतं. कडूबानं झाडाखाली बसून ट्यूब ओठाजवळ धरली, इंच इंच सरकवली, आणि एका जागी गार हवा लागली तेव्हा त्याला एवढा आनंद झाला की तो एकटाच हसला. दहा मिनिटांत पंक्चर काढून, गुरुजींच्या सतरंजीकडं न बघताच तो पुढं निघाला.

राजूरला उषाबाईनं वरवंटा हातात घेतला, खाली ठेवला आणि कपाळाला हात लावला. "अगं माय! मी मिक्सर घेतला ना दसऱ्याला. आईला सांगावा धाडला होता."

"मला न्हाई माहीत. मी घेऊन आल्तो येवढं खरं."

"मंग माघारी न्या दादा. आईलाच लागंल."

कडूबानं पाणी पिता पिता वरवंटा पायानं ओट्याखाली सारला आणि उठला. पण उषाबाई थोडीच तशी सोडणार? गावचा माणूस दारात आला आणि रिकाम्या हातानं गेला, असं होत नसतं. तिनं आतून एक डांगर आणलं, चांगला पाच-सहा किलोचा लाल भोपळा. कडूबानं डांगराकडं बघितलं, वरवंट्याच्या जागेकडं बघितलं. दोन्हींचं वजन सारखंच होतं.

जालन्यात तसंच. मिरच्या उतरल्या, डांगरही त्यानं शिताफीनं त्याच घरात ठेवलं. सकाळी हमालाच्या बायकोनं पिशवीभर मोसंबी कॅरिअरला लटकवली. "बहिणीच्या पोरीला व्हतील," ती म्हणाली. कडूबाला वाटलं होतं की आपण सामान पोचवतोय. आता त्याला कळायला लागलं, की सामान आपल्याला फिरवून राह्यलंय.

दुसऱ्या दिवशी अंबड मागं पडल्यावर उसाच्या गाड्या लागल्या. गाळप नुकतंच सुरू झालं होतं. बैलगाड्यांच्या रांगेमागून कडूबा हळूहळू चालला. मग मळीचा वास आला. त्यानं भीतभीतच नाक वर केलं आणि पोटाची चाहूल घेतली. पोट गप्प होतं. सायकलवर असताना ते कधीच काही म्हणायचं नाही.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी तो कारखान्याच्या वसाहतीत गिरजाच्या दारात उतरला. गोजरबाई उंबऱ्यातच उभी होती.

"आलात?"

"आलो."

"यष्टीनं?"

"सायकलनं."

गोजरबाई दोन पायऱ्या उतरून खाली आली. सायकलचं मागचं टायर अंगठ्यानं दाबून बघितलं, कॅरिअरच्या पट्ट्या बघितल्या, कडूबाचे धुळीनं पांढरे झालेले पाय बघितले. मग आत वळून म्हणाली, "गिरजे, पाणी ठिव गं आंघोळीला. मुराळी आलाय तुजा."

गिरजा आली ती हसतच, पण डोळे पुसत. "दादा, किती रे वाळलास."

"वाळलो न्हाई. कालपासून घाम गाळून राह्यलो."

लुगडं गोजरबाईला आवडलं. तिनं ते अंगाला लावून बघितलं आणि "रंग जरा भडक हाय" असं म्हणून त्याच संध्याकाळी पूजेला नेसली. कारभारी पाळी संपवून आला. कामगारांना दिवाळीची साखर मिळाली होती, दहा किलोची पिशवी त्यानं आणली होती. जेवणं झाली आणि गोजरबाईनं डबा भरायला घेतला. माहेरचा डबा रिकामा पाठवायचा नसतो. चकल्या, चिवडा, बेसनाचे लाडू, वर साखरेची अख्खी पिशवी, शिवाय विहिणीला पातळ. "उद्या पाडव्याला पहाटं निघा," ती म्हणाली, "म्हंजे भाऊबीजेला दिवेलागणीपतुर धावड्यात."

सगळं कसं जुळून आलं होतं. कडूबा भिंतीला टेकून पाय लांब करून बसला होता. गिरजाची चार वर्षांची नंदा त्याच्या सायकलभोवती दोन फेऱ्या मारून आली आणि तिनं विचारलं,

"मामा, मी कुठं बसू? आन् आई?"

कडूबानं भरलेल्या डब्याकडं बघितलं, साखरेच्या पिशवीकडं बघितलं, मग बहिणीकडं. पंधरा दिवस अख्खं धावडं चिंचेखाली बसून विचार करत होतं. पाना सुचला, शिट्टी सुचली, सतरंजी सुचली. जिला आणायला जायचं ती येताना कशावर बसणार, हे काही कुणाला सुचलं नव्हतं.

कारभारी आधी हसला. मग त्याच्या लक्षात आलं की हसण्यासारखं नाही. "मला तं सुट्टी न्हाई भेटायची," तो म्हणाला. "सीझन आत्ताच सुरू झाला."

"एकटी पोर घेऊन धाडणार न्हाई मी," गोजरबाई म्हणाली. "जालन्याला गाडी बदला, भोकरदनला बदला, दिवाळीची गर्दी. मुराळी संगं पायजे. मी काय येगळं सांगून राह्यले का?"

कडूबाच्या घशाशी आलं, पण तो उठून उभा राहिला. "मी यष्टीनं येतो तिच्यासंगं. सायकल टपावर टाकू. लागली गाडी तं लागली."

गिरजानं भावाकडं बघितलं. "आन् मी काय करू? भोकरदनपतुर तुजं डोकं धरून बसू? तू मला न्यायला आलास का मी तुला पोचवायला?"

"मंग काय करू गिरजे? सांग ना."

गिरजानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "ह्यांची सायकल हाय की."

"कोण चालवंल?"

"रोज कोण चालवतं?"

तेव्हा कडूबाला कळलं. कारभारीची पाळी कुठलीही असो, त्याचा जेवणाचा डबा गिरजा गेटवर पोचवायची. पहिल्या वर्षी चालत, मग कारभारीनं रविवारी मैदानावर शिकवल्यापासून सायकलवर. वसाहतीत आता कुणी वळूनही बघत नव्हतं.

"गेटवर जाणं येगळं," गोजरबाई म्हणाली. "सव्वाशे मैल येगळं."

"किलोमीटर, आत्याबाई."

"तेच ते. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील गोजरबाईच्या सुनंला दिवाळीला माहेरी धाडलं. मुराळी संगं हुता." गिरजा सासूकडं वळली. "आत्याबाई, डबा जल्दी पोचवायचा म्हणून सायकल शीक, असं तुमीच म्हणला होता ना?"

गोजरबाईनं कडूबाकडं बघितलं. कडूबा उभाच होता, खरोखरच यष्टीत बसायला निघाल्यासारखा पांढराफटक. तिला त्याचं थोडं हसू आलं असावं.

"आन् ह्यो डबा?" ती म्हणाली. "रिकाम्या हातानं सून धाडली असं धावड्यात ऐकायचं का मी?"

हा प्रश्न सुटण्यासारखा होता. कारभारीच्या ओळखीचा कंडक्टर सकाळच्या जालना गाडीवर होता. डबा, साखर, पातळ, गुरुजींची सतरंजी, सगळं त्याच्या गाडीत टाकायचं आणि मोंढ्यातल्या हमालाकडं उतरवायचं. धावड्याहून मिरची घेऊन येणाऱ्या मालमोटारी जाताना रिकाम्याच असतात, त्यातून पुढं जाईल. गोजरबाईला हे पटायला जरा वेळ लागला. सामान यष्टीत बसून जाणार आणि माणसं सायकलवर, असं तिनं कधी ऐकलं नव्हतं. पण अखेर ती म्हणाली, "साखर ओली होऊ देऊ नका म्हंजे झालं."

पहाटे कडूबानं दोन्ही सायकली तयार केल्या. आता सामान किती, तर पंप, पंक्चरची पिशवी, पाण्याचा कॅन, दशम्या, चार मोसंब्या आणि पोरीचा एक जादा झगा. कडूबाच्या कॅरिअरवर घडी घातलेली गोधडी, त्यावर नंदा, आणि ती झोपली तर पडू नये म्हणून गमछा. गिरजा सायकल धरून उभी राहिली तेव्हा गोजरबाई तिच्यासमोर वाकली. तिनं सुनेच्या साडीचा घोळ वर घेतला, दोन पिना लावल्या, पदर कमरेला घट्ट खोचला आणि उठता उठता म्हणाली, "चाकात जाऊ देऊ नको. उतारावर बिरीक हळू दाब."

अंबडपर्यंत गिरजा मागं राहिली, त्यानंतर पुढं. जालन्याच्या मुक्कामी तिच्या तळहातांना फोड आले होते. हमालाच्या बायकोनं तूप लावलं आणि आत जाऊन पिशवी शोधायला लागली, तेव्हा कडूबानं दोन्ही हात जोडून तिला खाली बसवलं. भाऊबीजेला सकाळी निघाले. राजूरच्या पुढं गिरजाच्या टायरला काटा लागला, तेव्हा नंदानं ट्यूब ओठाजवळ धरायचा हट्ट केला आणि भोक तिनंच शोधलं. भोकरदनमधून जाताना यष्टीच्या थांब्यावरची माणसं उठून बघायला लागली. कडूबानं मान खाली घातली. गिरजानं घंटी वाजवली.

दोन हजार सालानंतरसुद्धा गावातलं कुणी सायकलनं लांब निघालं, की कडूबाला विचारायला यायचं, काय काय बरोबर घेऊ म्हणून. तो पंप सांगायचा, सोल्युशन सांगायचा, पाणी सांगायचा. मग जरा थांबून, लाजत, विचारायचा, "येताना कोण बसणार हाय का मागं?"

त्या दिवशी भोकरदनच्या पुढं वारा समोरचा होता. शेवटचे पाच-सहा किलोमीटर दोघांनी वाकून काढले. नंदा कडूबाच्या पाठीला गमछ्यानं बांधलेली झोपली होती. गाव दिसलं तेव्हा दिवे लागत होते, आणि चिंचेखालून रखमाजी ओरडला, "आली! दोन सायकली हायेत!" दोन सायकली का, हे विचारायलाही कुणी थांबलं नाही. माणसं आधीच द्वारकाबाईच्या घराकडं पळाली होती.

म्हातारी ओट्यावर आली. गिरजाला सायकलवरून उतरता येईना, पाय जागचे वळेनात. झुंबरबाईनं एका बाजूनं धरलं, तुळजाबाईनं दुसऱ्या. द्वारकाबाईनं लेकीच्या तोंडावरून हात फिरवला आणि हाताला लागलेली धूळ बघून म्हणाली, "काय गं ही दशा!" आणि मग तिला हसू आवरेना, रडूही आवरेना.

पाट मांडला, भोवती रांगोळीची रेघ ओढली. कडूबा पाय धुऊन, टोपी घालून पाटावर बसला. गिरजा फोड आलेल्या हातात ताट सांभाळत समोर आली. तिनं एक फेरी ओवाळली, दुसरी ओवाळली. कडूबाची मान हळूहळू खाली गेली. तिसऱ्या फेरीला तो घोरत होता.

"उठव गं त्याला," द्वारकाबाई म्हणाली.

"राहू दे आई," गिरजा म्हणाली, आणि एका हातानं भावाची हनुवटी वर धरून तिनं त्याच्या कपाळाला कुंकू लावलं.